बडोद्याहून क्रूझवर: पहिल्यांदाच मोठ्या जहाजात बसणाऱ्यांसाठी

बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री आहे, पण तिच्यात मगरी. त्यामुळे पाण्याची हौस आम्ही सुरसागरच्या काठावर बसूनच भागवतो. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करायचं ठरलं, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरात जाऊ सोडली तर एकालाही नीट माहीत नव्हतं की आपण बसणार आहोत ते नेमकं काय. सासूबाई शेवटपर्यंत ‘बोट’ म्हणत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच होती. सिंगापूरच्या टर्मिनलच्या काचेतून त्यांनी जहाज पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तर सोसायटी आहे. बोट कुठाय?”

परत आल्यापासून भिशीत, लग्नात, भाजी घेताना, सगळीकडे तेच प्रश्न येतात. फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते. आम्ही सहा जण होतो: मी, नवरा, सासूबाई, दीर-जाऊ आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा. त्यामुळे बहुतेक वयांच्या अडचणी एकाच फेरीत बघून झाल्या.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. मोठ्या जहाजाला हॉटेल समजून गेलात तर पहिले दोन दिवस चिडचिडीत जातात. हॉटेल तुमच्या वेळेनं चालतं. जहाज स्वतःच्या घड्याळावर चालतं. चढायची वेळ, जेवायची वेळ, नाटकाची वेळ, बंदरात उतरायची वेळ आणि परत यायची वेळ, सगळं ठरलेलं. ते घड्याळ एकदा अंगवळणी पडलं की मग खरोखर आराम.

आधी जहाज निवडा, मग केबिन

बडोदेकरांपुढे सोपे मार्ग दोन. पहिला मुंबईचा. रात्रीची गाडी किंवा वंदे भारत पकडायची आणि बंदर गाठायचं. इंदिरा डॉकवरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. गोवा, लक्षद्वीप, कोची अशा देशांतर्गत फेऱ्यांना पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं. माझी जाऊ आधी मुंबई-गोवा करून आली होती, आणि त्या अनुभवाचा सिंगापुरात फार उपयोग झाला. दुसरा मार्ग सिंगापूरचा. एक्सप्रेसवेनं अहमदाबादचा विमानतळ गाठायचा, तिथून थेट विमान.

फरक आकाराचा आहे. भारतात फिरणारी ‘एम्प्रेस’ १९९० सालची, सुमारे ४८,५०० ग्रॉस टनांची, म्हणजे साधारण टायटॅनिकएवढी. टायटॅनिक ४६,३२८ ची होती. सिंगापूरहून सुटणारी मोठी जहाजं दीड लाखांच्या घरातली किंवा त्याहून मोठी. २०२४ मध्ये आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ २,४८,६६३ ग्रॉस टनांचं आहे, त्याला वीस डेक (म्हणजे मजले) आहेत आणि ७,६०० प्रवासी मावतात. हा टन वजनाचा नव्हे हो. जहाजाच्या आतली बंदिस्त जागा मोजायचं ते माप आहे. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी जागा जास्त, इतकंच लक्षात ठेवा.

महिना निवडताना पावसाळा टाळा. कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात घालत नाहीत, ते उगाच नव्हे. अरबी समुद्र तेव्हा खवळलेला असतो.

केबिनचे चार प्रकार: आतली बिनखिडकीची, खिडकीवाली, बाल्कनीवाली आणि स्वीट. आतली केबिन स्वस्त, पण दिवा मालवला की पहाट झाली की मध्यरात्र आहे, काही कळत नाही. तिथे एक युक्ती चालते. बऱ्याच जहाजांत टीव्हीच्या एका चॅनेलवर नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, कॅमेऱ्याचं चित्र चालू असतं. आवाज बंद करून तो रात्रभर लावून ठेवायचा, झाली खिडकी. आम्ही सासूबाईंसाठी एक बाल्कनीची आणि बाकीच्यांसाठी दोन आतल्या घेतल्या. सगळे जण दिवसभर सासूबाईंच्याच बाल्कनीत पडलेले असायचे.

प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची. कंपनीच्या साइटवर प्रत्येक डेकचा नकाशा असतो, तो उघडून तुमच्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती सर्वांत शांत. ज्यांना गाडी लागते त्यांनी खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर घ्यावी. जहाज झोपाळ्यासारखं हलतं: टोकं जास्त, मधलं कमी. म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्टजवळची, पण अगदी समोरची नको. ‘गॅरंटी’ केबिन म्हणून जी स्वस्तात मिळते, तिच्यात नंबर कंपनी ठरवते. वयस्कर माणूस सोबत असेल तर तो जुगार खेळू नये.

बहुतेक कंपन्या चोवीस आठवडे किंवा त्यापुढच्या गरोदर बाईला आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत. हे पैसे भरण्याआधी बघा.

कागदपत्रं

पासपोर्ट सहा महिने तरी चालू असावा. सिंगापूरचा व्हिसा घेताना तो एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, हे डोळ्यांनी वाचा. कारण जहाज सुटलं की तुम्ही सिंगापूर सोडलं आणि चार दिवसांनी परत आलात की तो दुसरा प्रवेश. अरायव्हल कार्डही (सिंगापुरात प्रवेशाचा फॉर्म) पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, आणि परतीच्या प्रवेशाचंही लक्षात ठेवायचं. आमच्या वाटेत पेनांग आणि फुकेत होतं. आम्ही गेलो तेव्हा मलेशिया आणि थायलंड दोन्हीकडे भारतीयांना थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नव्हता, पण हे नियम सरकार कधीही बदलतं. एकदा बुकिंगच्या वेळी आणि एकदा निघण्याच्या आठवड्यात, असे दोनदा तपासा. बंदरात खाली उतरायचं नाही असं ठरवलं असलं तरी त्या देशाच्या अटी लागू होतात.

काही फेऱ्यांमध्ये जहाजवाले पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात आणि शेवटी परत देतात. आमचे घेतले तेव्हा नवऱ्याचा चेहरा पडला होता. घाबरायचं कारण नाही, पावती जपा आणि पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवा.

प्रवासविमा घेताना त्यात क्रूझ आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च येतो का, ते विचारा. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण तिथलं बिल परकी चलनात आणि तिथल्या तिथे भरायचं. आपलं मेडिक्लेमचं कार्ड दाखवून काही उपयोग नाही.

बॅग दोन ठिकाणी विभागून भरा

ही चूक आम्ही केली, म्हणून सविस्तर सांगते. टर्मिनलवर मोठ्या बॅगांना केबिन नंबरचं लेबल लावून हमाल त्या घेऊन जातात. त्या तुमच्या दारात येतात संध्याकाळी. आम्ही दुपारी एकला जहाजावर, बॅगा रात्री आठला. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत. दुपारची गोळी चुकली, त्यावरून आधी मी नवऱ्याला बोलले, मग तो मला, आणि सासूबाई दोघांना. बॅग आली तेव्हा त्यांनी आधी गोळी घेतली, मग बाजूच्या कप्प्यातून लिलो चेवडो काढला.

म्हणून हातातल्या पिशवीत औषधं, चष्मा, कागदपत्रं, चार्जर, एक कपड्यांचा जोड आणि पोहण्याचा पोशाख ठेवा. शेवटचं थट्टेनं नाही सांगत. पहिल्या दुपारी तलाव रिकामा असतो, कारण बाकी सगळे बॅगांची वाट बघत बसलेले असतात.

काय नेऊ नये ते जास्त महत्त्वाचं. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी. त्यामुळे इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, मेणबत्ती, उदबत्ती, सगळं स्कॅनरमध्ये अडकतं. एक्स्टेन्शन बोर्डही बऱ्याच कंपन्या काढून घेतात आणि उतरताना परत देतात. सासूबाईंनी दत्ताच्या तसबिरीसोबत उदबत्तीचा पुडा आणला होता, तो गेला. मग त्यांनी चारही दिवस नुसता हात जोडून नमस्कार केला आणि “समुद्रात एवढा वारा, देवाला वेगळी उदबत्ती कशाला,” असं स्वतःचंच समाधान करून घेतलं. घरचं शिजवलेलं अन्न सहसा चालत नाही. कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं. थेपले नव्हे, भाकरवडीचं पाकीट न्या.

नेण्यासारख्या तीन छोट्या वस्तू. एक, लोहचुंबकाचे हुक. केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यांवर हुक चिकटतो आणि ओले कपडे, टोप्या, पिशव्या टांगता येतात. दोन, शाल किंवा स्वेटर. बाहेर घामाच्या धारा, आत थंडी. थिएटरात तर हिमालय. आणि तीन, टमरेल. हसू नका. बहुतेक जहाजांच्या बाथरूममध्ये जेट नसतो, नुसता कागद. आम्ही पाण्याची बाटली वापरून निभावलं, पण टमरेल ते टमरेल. तिथला फ्लश हवेनं खेचतो, आवाज एवढा मोठा की पुतण्या पहिल्यांदा ओरडत बाहेर आला. त्या नळीत कागदाशिवाय काहीही टाकू नका. ती तुंबली की शेजारच्याही केबिनी बंद पडतात.

चढण्याचा दिवस

ज्या दिवशी जहाज सुटतं त्याच दिवशी विमानानं पोचायचा धाडसी बेत करू नका. विमान चार तास लेट झालं तर जहाज थांबत नाही. एक दिवस आधी पोचा. ऑनलाइन चेक-इन घरूनच करा. त्यात टर्मिनलवर यायची वेळ निवडता येते, शक्य तितकी लवकरची घ्या. सुटण्याच्या साधारण तास-दीड तास आधी दरवाजे बंद होतात.

काउंटरवर फोटो काढतात आणि एक कार्ड देतात. हे कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट. जहाजावर रोख चालत नाही, सगळं त्या कार्डावर चढतं आणि शेवटी एकत्र बिल येतं. त्यासाठी क्रेडिट कार्ड जोडायचं किंवा काउंटरवर रोख अनामत ठेवायची. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधी चालू करा. डेबिट कार्ड जोडू नका. जहाजवाले काही रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात. तेवढे दिवस तुमचेच पैसे तुम्हाला मिळत नाहीत.

वर चढलात की थेट बुफेकडे धावू नका, तिथे त्या वेळी मांडवीच्या दिवाळीएवढी गर्दी असते. जहाजाच्या मोफत वायफायवर त्यांचं अ‍ॅप उघडा आणि नाटकाच्या, बर्फावरच्या नाचाच्या, जे काही असेल त्या खेळाच्या जागा राखून ठेवा. लोकप्रिय खेळ पहिल्या दोन तासांत भरतात. मग पायी एक फेरी मारा. आमच्या जहाजाची लांबी तीनशे मीटरच्या वर होती. आपण पुढच्या बाजूला आहोत की मागच्या, हे पहिला दिवसभर कळत नाही. पुतण्यानं युक्ती काढली: गालिच्यावरच्या माशांची तोंडं ज्या दिशेला, तिकडे जहाजाचं तोंड. सगळ्या जहाजांत नसते ती, पण आमच्यात होती.

सुरक्षा कवायत

ही टाळायची गोष्ट नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि मुलं गेली, ते बडोद्यात कोणी विसरलेलं नाही. सासूबाईंच्या मनात सहलीच्या आधी तेच घोळत होतं, आणि त्यांना धीर आला तो याच कवायतीत.

१३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आपटून कलंडलं. त्यातल्या कित्येक प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले: नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. आता बऱ्याच जहाजांत फोनवर किंवा टीव्हीवर चित्रफीत बघायची आणि मग तुमच्या नेमून दिलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं. त्या जागेचं अक्षर कार्डावर छापलेलं असतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की लिफ्ट न वापरता तिथे पोचायचं, एवढं सासूबाईंनीही पाठ केलं.

त्यांना मी बाहेरच्या डेकवर नेऊन नारिंगी जीवनरक्षक नौका दाखवल्या. काही मोठ्या जहाजांवरच्या एकेका नौकेत ३७० माणसं बसतात. “म्हणजे आपल्या लाँचपेक्षा हीच मोठी,” त्या म्हणाल्या, आणि नंतर त्यांनी हरणीचा विषय काढला नाही.

जेवण: इथे मात्र थांबून वाचा

तिकिटात मुख्य भोजनगृह आणि बुफे धरलेलं असतं. भोजनगृहात टेबल आणि वेळ ठरलेली, वेटर तोच, तिसऱ्या दिवशी त्याला तुमची आवड पाठ. बुफे कधीही. वेगळी नावं असलेली छोटी हॉटेलं बहुधा पैशाची. सिंगापूरच्या जहाजांवर भारतीय प्रवासी पुष्कळ, त्यामुळे डाळ, भात, भाजी, रोटी मिळतेच. पण जैन, कांदा-लसूण नको, उपवासाचं असं काही असेल तर बुकिंगच्याच वेळी कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला पुन्हा सांगा. ‘व्हेज’ म्हटल्यावर त्यात अंडं येऊ शकतं, तेही विचारा. केकमध्ये तर हमखास.

आमचा वेटर गोव्याचा होता. कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या पट्टीत नावाखाली देश लिहिलेला असतो. दुसऱ्या रात्री सासूबाईंनी सूपला हात लावला नाही, तर तो हळूच वाकून मराठीत म्हणाला, “आजी, तिखट करून आणू का?” त्या एवढ्या खूश झाल्या की त्याचं घर, आई, लग्न, सगळी चौकशी झाली. तो म्हणाला, सहा-सात महिने सलग काम, सुट्टीचा वार नाही, मग घरी. त्या रात्रीपासून त्या ताट पूर्ण संपवू लागल्या. उरलं तर त्याला वाईट वाटेल म्हणून.

बुफेच्या दाराशी हात धुवायची बेसिनं असतात आणि तिथे एक जण गाणं म्हणत सगळ्यांना हात धुवायला लावतो. लोक हसून बाजूनं सटकतात. तसं करू नका. जहाजावर पोटाचे विकार पसरतात ते बहुधा नोरोव्हायरसमुळे, आणि त्याच्यावर हाताला लावायच्या अल्कोहोलच्या जेलचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि पाणीच हवं. पिण्याचं पाणी मात्र निर्धास्त प्या. जहाज समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून स्वतःचं पाणी बनवतं.

पैसा कुठे जातो

तिकिटात केबिन, साधं जेवण, बुफेवरचा चहा-कॉफी, खेळ, तलाव, जिम, मुलांचा क्लब. बाहेर: कोल्ड्रिंक, दारू, वायफाय, स्पा, कपडे धुणं, फोटो, कॅसिनो, बंदरातल्या सहली. आणि सर्वांत विसरली जाते ती बक्षिसी. ती रोज आपोआप बिलात चढते. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत माणशी रात्रीला साधारण १५ ते २० अमेरिकी डॉलर. सहा माणसं, चार रात्री, म्हणजे ३६० ते ४८० डॉलर. ‘सगळं धरून’ म्हणून एजंटनं सांगितलेल्या रकमेत ही आहे का, हे लेखी घ्या. आमच्या एजंटनं तोंडी ‘हो हो’ म्हटलं होतं आणि नव्हती. शिवाय पेयांवर आणि वेगळ्या हॉटेलांत अठरा टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क चढतं.

परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर, घेतो. तो खर्च समजू नका, आयकर विवरणात वळता करून मिळतो. त्याची पावती मागून ठेवा.

पेयांचं पॅकेज घेताना लक्षात ठेवा, एका केबिनमधल्या एका मोठ्यानं घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं, असा बऱ्याच ठिकाणी नियम आहे. गुजरातेतून गेलेल्या पुरुषमंडळींचा बारसमोरचा उत्साह मी पाहिला आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. जहाजावरच्या दुकानात घेतलेली बाटली शेवटच्या रात्री हातात देतात, पण ती बडोद्यात विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, एवढं दिराला आम्हाला दोनदा सांगावं लागलं.

फोनचं एक वाक्यात: जहाज किनारा सोडतं तेव्हा विमान मोड लावा आणि किनारा येईपर्यंत काढू नका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, त्याचे दर वेगळे आणि भयंकर असतात, साध्या रोमिंग पॅकमध्ये ते येत नाहीत. जावेनं एकदाच तिच्या आईला फोन लावला, सात मिनिटं, तेही लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल. त्या पैशात कैऱ्यांची बागायत आली असती.

हलतं का?

हलतं, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात, ते डोलणं कमी करतात. वेगही फार नसतो: वीस-बावीस नॉट, म्हणजे तासाला ३७ ते ४१ किलोमीटर. अलकापुरीत माझी अ‍ॅक्टिव्हा त्याहून जोरात जाते. रात्री कपाटातल्या हँगरांची टिकटिक ऐकू आली की समजायचं समुद्र जागा आहे. मी तिथे एक टॉवेल कोंबला.

मळमळलं तर खाली केबिनमध्ये जाऊन झोपू नका. मोकळ्या डेकवर या, क्षितिजावर नजर ठेवा, सुंठ चघळा, कोरडं बिस्किट खा. गोळी हवी असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि ती मळमळ सुरू होण्याआधीच घ्यायची असते.

बंदराचा दिवस आणि सासूबाईंचं घड्याळ

पेनांगचा धक्का जॉर्ज टाउनला लागूनच आहे. २००८ पासून जागतिक वारशात असलेलं हे गाव चालत फिरता येतं. तिथल्या लिटल इंडियात डोशाचा वास आला आणि सासूबाईंनी पाय रोवले. तिथे सहल विकत घ्यायची गरज नाही. याउलट पोर्ट क्लांगला उतरून क्वालालंपूर गाठायचं तर रस्त्याला तासाहून जास्त लागू शकतो. तिथे जहाजाचीच सहल घ्यावी. कारण साधं आहे: जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, तुमची टॅक्सी अडकली तर निघून जातं.

फुकेतला आमचं जहाज धक्क्याला लागलं नाही, लांब नांगर टाकून उभं राहिलं. छोट्या नावांनी किनाऱ्यावर न्यायचं, ज्याला टेंडर म्हणतात. त्याचं टोकन सकाळीच घ्यायचं असतं. व्हीलचेअरवाल्यांना यात अडचण येते, हे आधीच विचारा.

आता घड्याळ. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. जहाज सिंगापूरचीच वेळ पाळत होतं, पण किनाऱ्यावर पाय ठेवताच फोननं आपल्या मनानं वेळ बदलली. परत यायची शेवटची वेळ पाच, जहाजाच्या घड्याळाप्रमाणे. आम्ही पातोंगच्या वाळूत शहाळी पीत बसलेलो. दीर फोन बघून म्हणाला, “तीन दहा. अजून दोन तास आहेत, एक चक्कर मारून येतो.” सासूबाईंच्या मनगटावर त्यांचं एचएमटीचं चावीचं घड्याळ, लहानसं, काच पिवळटलेली. ते त्यांनी पहिल्या दिवशी जहाजाच्या रिसेप्शनवरच्या घड्याळाशी जुळवलं होतं आणि रोज सकाळी चावी देत होत्या. त्यांनी ते त्याच्या नाकासमोर धरलं. चार दहा. टेंडरच्या रांगेत पाऊण तास गेला. चढलो तेव्हा पाचाला दोन-चार मिनिटं होती आणि दीर काही बोलत नव्हता.

तुम्ही फोनची आपोआप वेळ बदलायची सोय बंद करा, किंवा एक साधं घड्याळ घाला.

ज्यांना बंदरात उतरायचं नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्या दिवशी जहाज रिकामं असतं. तलाव, स्पा, लिफ्ट, सगळं तुमचं. पूर्ण समुद्रात घालवायच्या दिवशी उलट. तेव्हा लोक पहाटे उठून खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरतात, अगदी लोकलमधल्या रुमालासारख्या.

एका संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालायची पद्धत असते. साडी किंवा झब्बा अगदी शोभतो, कोट लागत नाही. तलावात मात्र सुती सलवार-कुर्ता चालत नाही, पोहण्याचाच पोशाख हवा.

शेवटची रात्र

आदल्या संध्याकाळीच अ‍ॅपवर बिल उघडून ओळ अन् ओळ वाचा. आमच्या बिलात एक मॉकटेल दोनदा चढलं होतं. रात्री रिसेप्शनला गेलो, पाच मिनिटांत काढलं. तेच सकाळी गेलो असतो तर रांग लिफ्टपर्यंत होती.

मोठ्या बॅगा रात्री अकराच्या सुमारास रंगीत लेबल लावून दाराबाहेर ठेवायच्या, त्या खाली टर्मिनलवर मिळतात. इथेही औषधं आणि उद्याचे कपडे बाहेर ठेवा. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या गृहस्थांनी सगळंच भरून टाकलं होतं. सकाळी ते नाश्त्याला लुंगीवर आले, आणि तसेच इमिग्रेशनला गेले. बॅगा कमी असतील तर स्वतः ओढत उतरायचाही पर्याय असतो, त्यात लवकर सुटका होते. केबिन आठ-नऊपर्यंत रिकामी करावी लागते, तरी रंगाप्रमाणे बोलावतात तेव्हाच उतरायचं. परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका.

घरी आल्यावर क्रेडिट कार्डाचं पुढचं स्टेटमेंट तपासा. अडकवलेली रक्कम सुटली का आणि उतरल्यानंतर मागाहून काही चढलं का, दोन्ही बघा.

आणि जमीन हलते. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सेव-उसळीच्या गाडीसमोर उभी असताना मला वाटलं, रस्ता हळूच डोलतोय, मी गाडीचा कठडा धरला, तर गाडीवाल्यानं विचारलं, “बेन, तबियत ठीक छे ने?” हे एक-दोन दिवसांत जातं. सासूबाईंचं तीन दिवस टिकलं. आठवडा गेला तरी थांबलं नाही तर कानाच्या डॉक्टरकडे दाखवून या.